कोठडीतला फोन



गावातला एखादा मुलगा पोटासाठी परमुलखात जातो. जाताना एजंट सांगतो, "काळजी करू नका, सगळी कागदपत्रं मी बघतो." मुलगा तिथे पोचतो, आणि मग कळते की कागद अपुरे आहेत. तिथले सरकार त्याला धरून कोठडीत ठेवते. घरी कुणालाच पत्ता नसतो. अशा वेळी त्याला पहिल्यांदा काय हवे? फोन हवा. त्या फोनविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

अमेरिकेचीच गोष्ट घेऊ. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला परत आणले. त्यांत महाराष्ट्रातलेही तिघे होते. तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही.

परदेशी माणसाला अशा कोठडीत ठेवणे ही कायद्याने शिक्षा नव्हे. त्याला राहू द्यायचे की परत पाठवायचे, याचा निकाल लागेपर्यंत तो तिथे असतो. कधी काही दिवस, कधी कित्येक महिने. त्याला वकील लावता येतो, पण खर्च त्याचा त्याने करायचा. सरकार सहसा वकील देत नाही.

आता बघा. वकील शोधायचा, घरून दाखले मागवायचे, साक्षीदार गाठायचे, हे सगळे भिंतीआडून करायचे. स्वतःचा मोबाईल आत शिरतानाच काढून घेतलेला असतो. तिथल्या फोनवरून बोलायचे, तर मिनिटाला पैसे पडतात.

हे पैसे जास्त का पडतात? बाजारात दहा दुकाने असली की भाव उतरतो. कोठडीत मात्र एकाच कंपनीचा फोन असतो. दुसरीकडे जाणार कुठे? अनेक तुरुंगांत तर कंपनी आपल्या कमाईतला वाटा तुरुंगालाच देत आली. मग भाव उतरवायची घाई कुणाला? आणि कोठडीत काम केले, तर सरकारी नियमाने दिवसाला निदान एक डॉलर मिळतो. हा दर कित्येक दशकांपूर्वीचा आहे!

या भावाविरुद्ध एक आजी उभी राहिली. तिचे नाव मार्था राइट. ती वॉशिंग्टन शहरात राहायची. तिचा नातू तुरुंगात होता. आजीला डोळ्यांनी दिसत नव्हते, म्हणून पत्र वाचता येईना. नातवाचा आवाज हाच आधार, आणि तो आवाज फार महाग. तिने आणि इतर कुटुंबांनी २००० साली कोर्टात दावा लावला. २०१५ साली आजी वारली. पण जानेवारी २०२३ मध्ये तिच्या नावाचा कायदा झाला. तुरुंगातल्या फोनचे आणि चेहरा दिसणाऱ्या व्हिडिओ कॉलचे भाव वाजवी असावेत, असे तो कायदा सांगतो.

काही ठिकाणी फोन फुकटही झाला. कनेक्टिकट राज्याने २०२१ साली कायदा करून आपल्या तुरुंगांतले फोन मोफत केले. करोनाच्या साथीत, २०२० साली, परदेशी लोकांच्या कोठड्यांतही महिन्याला ५२० मिनिटे मोफत मिळू लागली. म्हणजे दिवसाला सुमारे सतरा मिनिटे. तेवढ्यात वकिलाशी बोलणे होते, लेकराची विचारपूस होते. पण २०२४ साली ही सवलत बंद झाली. साथ सरली, पण कोठडी सरली नव्हती.

कुणी म्हणेल, "कागदांशिवाय गेला, मग फोन फुकट कशाला?" आमचे म्हणणे असे आहे. तो चुकला की नाही, हे न्यायाधीश ठरवील. पण आपली बाजू मांडायला कागद हवेत, माणसे हवीत. पैसे नाहीत म्हणून ज्याचा फोन लागला नाही, तो खरा असूनही हरतो. हा न्याय नव्हे. म्हणून असा फोन मोफतच असावा.

मंडळी, तिथले नियम आपल्या हातात नाहीत. पण एवढे आपल्या हातात आहे :

परगावी जाणाऱ्याने घरचे दोन नंबर तोंडपाठ करावेत. मोबाईल गेला की त्यातले नंबरही गेले.

पासपोर्टची आणि दाखल्यांची नक्कल घरी ठेवावी.

पकडलेल्या माणसाने "माझ्या देशाच्या वकिलातीला कळवा," असे सांगावे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने त्याला हा हक्क आहे. अमेरिकेतल्या या कोठड्यांतून वकिलातीला लावलेल्या फोनला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेतून फोन आला, तर त्याचा नऊ आकडी नंबर विचारून लिहून घ्यावा. तो नंबर आणि जन्मदेश सांगितला की कोठडीचा ठावठिकाणा शोधता येतो. बोलणे ध्वनिमुद्रित होऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

कोणी अनोळखी माणूस "तुमचा मुलगा अटकेत आहे, पैसे पाठवा," म्हणाला, तर आधी वकिलातीकडे खात्री करावी.

आता तुम्हांला लिहिता येते. आज घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर लिहा. आणि मुलांकडून ते पाठ करून घ्या.