कामगाराचे पितृत्व आणि कारखान्यातील जड धातू



१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडपासून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. इथल्या वाहन कंपन्यांची नावे देशभर ठाऊक आहेत. पण गाडीचा चकचकीत भाग घडतो तो त्यांच्या मागच्या लहान वर्कशॉप्समध्ये. क्रोम प्लेटिंग, बफिंग, वेल्डिंग, सोल्डरिंग अशी कामे तिथे जॉब वर्कवर चालतात आणि ती करणारे बहुतेक हात तरुण असतात. लग्नाचे आणि मूल होण्याचे वयही नेमके तेच.

मूल होत नाही म्हटले की पहिली तपासणी सुनेची होते. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने आढळते. पुरुष दवाखान्यात आलाच, तर त्याला तंबाखू आणि दारूबद्दल विचारतात. तो दिवसभर कोणत्या टाकीजवळ उभा असतो, हा प्रश्न मात्र राहून जातो.

तो राहू नये, असे सांगणारा पुरावा जुना आहे. रुमानियातील लान्क्रानजान आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली शिशाशी संबंध येणाऱ्या कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात शुक्राणूंची संख्या घटलेली, हालचाल मंदावलेली आणि आकार बिघडलेले आढळले. २००३ साली दक्षिण भारतातील ५७ वेल्डर आणि तेवढेच इतर पुरुष यांची तुलना प्रसिद्ध झाली. निकेल आणि क्रोमियमच्या धुरात काम करणाऱ्यांच्या वीर्याचा दर्जा खालावलेला होता.

हे घडते कसे? शुक्राणूच्या आवरणात असंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि ती ऑक्सिडेशनला चटकन बळी पडतात. उलट पेशीद्रव्य अगदी थोडे, त्यामुळे बचाव करणारी विकरेही थोडी. शिसे, कॅडमियम आणि क्रोमियम या नाजूक पेशीभोवती मुक्त मूलकांचे प्रमाण वाढवतात. मग आवरण फाटते, हालचाल मंदावते, डीएनएचे धागे तुटतात. कॅडमियम तर वृषणाला रक्तातील घातक द्रव्यांपासून वेगळे ठेवणारा अडथळाच कमकुवत करते. सिगारेटच्या धुरातही कॅडमियम असते, म्हणून धूम्रपान करणाऱ्या कामगारावर हा भार दोन्हीकडून पडतो.

ऑक्सिडेशन रोखणाऱ्या द्रव्यांची, म्हणजे अँटिऑक्सिडंटची कथा इथूनच सुरू होते. १९४३ साली जॉन मॅक्लिऑड यांनी दाखवले, की जास्त ऑक्सिजनमध्ये मानवी शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि कॅटॅलेज हे विकर घातले तर ती टिकते. १९५७ साली यिर्झी पारिझेक यांनी उंदरांवरील प्रयोगात सिद्ध केले, की कॅडमियमने होणारा वृषणाचा नाश जस्त दिल्याने रोखता येतो. २००६ साली चेन्नईच्या संशोधकांनी बोनेट माकडांना पिण्याच्या पाण्यातून षट्संयोजी क्रोमियम दिले. क्रोम प्लेटिंगच्या टाकीतून उडणाऱ्या तुषारांतही हेच क्रोमियम असते. माकडांचे शुक्राणू घटले, पण ज्यांना सोबत क जीवनसत्त्व मिळत होते त्यांचा बचाव झाला. पेशीबाहेरच क जीवनसत्त्व या क्रोमियमचे त्रिसंयोजी रूपात रूपांतर करते आणि ते रूप पेशीत सहज शिरत नाही.

याच प्रयोगातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. क्रोमियम बंद केल्यावर सहा महिन्यांत माकडांचे बिघडलेले वीर्य पूर्ववत झाले. धातू शरीरात जाणे थांबले, की पेशी स्वतः सावरू लागते.

त्यामुळे औषधांच्या दुकानातील महागड्या गोळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. अमेरिकेत २,३७० पुरुषांना जस्त आणि फॉलिक आम्ल किंवा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० साली आले. अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही. हे पुरुष धातूंच्या कारखान्यांतले म्हणून निवडलेले नव्हते, म्हणून हा निकाल प्लेटिंगच्या कामगाराला जसाच्या तसा लागू होत नाही. मात्र गोळी घेऊन त्याच धुरात परत जाण्याला या निकालाने आधारही मिळत नाही. आवळा, पेरू, लिंबू, तीळ, डाळी हे डब्यातच असावे. लोह आणि कॅल्शियम कमी पडले तर शिसे शरीरात अधिक शोषले जाते, म्हणून नाचणी आणि पालेभाजीचेही मोल आहे.

पण डबा उघडण्याआधी हात साबणाने धुवायला नळ हवा, आणि जेवायला टाकीपासून दूर जागा हवी. टाकीच्या कडेलाच धूर खेचणारी यंत्रणा हवी. कामाचे कपडे घरी न नेता कारखान्यातच धुतले गेले पाहिजेत, नाहीतर शिशाची धूळ बाळाच्या पाळण्यापर्यंत पोहोचते. शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढचा प्रवास धरला तर तीन महिने. म्हणून काम बदलल्यावर वीर्यतपासणी लगेच न करता तीन महिन्यांनी करावी.

१९४८ च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा आणि क्रोमचे व्रण हे नोंदणीयोग्य आजार ठरवले. त्या यादीत वंध्यत्व कुठेच नव्हते. या परिषदेने तीन गोष्टींचा ठराव करावा, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातील प्रत्येक वंध्यत्व उपचार केंद्राने तपासणी अर्जात व्यवसायाचा आणि हाताळलेल्या धातूंचा रकाना छापावा. शिसे आणि क्रोमियम हाताळणाऱ्या कंत्राटी कामगारांच्याही रक्ताची आणि लघवीची तपासणी नियमित व्हावी. आणि अहवाल सर्वप्रथम कामगाराच्या हाती, त्याला समजेल अशा भाषेत द्यावा. तो वाचून कामाची जागा बदलून मागणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, ही हमी उद्योजकांनी याच व्यासपीठावरून द्यावी.