घराच्या भिंतीवरील वाचनफलक

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही. मुले जी पुस्तके वाचतात ती शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयातून आणलेली असतात. आठ-पंधरा दिवसांनी पुस्तक परत जाते आणि ते आपल्या घरी येऊन गेले याची कोणतीही खूण मागे राहत नाही. महिन्याभरात मूल त्याचे नाव विसरते. आईवडिलांना तर ते बहुधा कळलेलेही नसते. ज्या घरी कपाट असते तेथे पुस्तके सतत डोळ्यांसमोर राहतात. आपल्या घरी ती डोळ्यांसमोर कशी राहतील? यावरचा अल्पखर्चाचा उपाय म्हणजे प्रत्येक मुलाचा आणि प्रत्येक मुलीचा स्वतःचा वाचनफलक.

साहित्य थोडे लागते. २२ बाय २८ इंचांचे एक कार्डशीट, पाठीमागे चिकटविण्यास जुन्या खोक्याचा पुठ्ठा, चार रंगांचे घोटीव कागद, कात्री आणि घरी शिजवलेली मैद्याची खळ. कार्डशीट आडवे धरून त्याचे तीन उभे भाग करा. पहिल्यावर लिहा ‘वाचायचे आहे’, दुसऱ्यावर ‘वाचन चालू’, तिसऱ्यावर ‘वाचून झाले’. प्रत्येक भागात कागदी पट्ट्या तीन बाजूंनी चिकटवून खिसे करा. वरची बाजू उघडी ठेवा. पूर्वापार ग्रंथालयातील पुस्तकाच्या आत कार्डासाठी असा खिसा असतो, तो आपण पाहिला असेल. आता २ बाय ३ इंचांच्या चिठ्ठ्या कापा. एका चिठ्ठीवर एकच पुस्तक. त्याचे नाव, लेखकाचे नाव आणि ते कोठे मिळेल, या तीन गोष्टी लिहा. तिसरी गोष्ट विसरू नका. पुस्तक कोठे मिळेल हे ठाऊक नसेल, तर यादी नुसतीच इच्छा बनून राहते. उर्दू पुस्तकाची चिठ्ठी उर्दूतच लिहावी. एकाच फलकावर दोन्ही लिप्या शेजारी शेजारी शोभून दिसतात.

चिठ्ठ्यांचे रंग ठरवून घ्या. कथा-कादंबरीला हिरवा, चरित्राला पिवळा, विज्ञानाला निळा, कवितेला तांबडा. हे केवळ शोभेसाठी नाही. ज्या मातेला अक्षरओळख नाही, तिलाही फलक वाचता यावा हा यातील हेतू आहे. “सगळ्या हिरव्याच दिसतात, पिवळी एकही नाही, असं का रे?” एवढे तिने विचारले तरी ती मुलाच्या वाचनात सहभागी झाली. मग मुलाने त्या पुस्तकाची हकीकत तिला सांगावी.

पुस्तक पूर्ण झाले की चिठ्ठीच्या मागे तारीख आणि स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहावे, आणि चिठ्ठी तिसऱ्या भागात ठेवून तिच्याशेजारी एक तारा चिकटवावा. तारा करणे सोपे आहे. दीड इंच बाजूचे दोन चौरस घ्या. दोहोंचे मध्यबिंदू जुळवून वरचा चौरस ४५ अंशांतून फिरवा. त्याचे कोपरे खालच्या चौरसाच्या बाजूंच्या मधोमध येतील आणि आठ टोकांचा तारा तयार होईल. विजापूरचा गोलघुमट १६५६ साली पूर्ण झाला. त्याचा प्रचंड घुमट ज्या कमानींवर तोललेला आहे, त्यांच्या रचनेत असेच दोन चौरस एकमेकांत गुंतलेले आहेत. भूमितीच्या तासाला शिकलेली गोष्ट मुलांना अशी घरच्या भिंतीवर भेटते.

आता वहीत जे साधत नाही ते पाहा. एका चिठ्ठीपासून दुसरीपर्यंत रंगीत दोरा लावता येतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. मौलाना आझादांनी ‘गुबारे खातिर’मधील पत्रे १९४२ नंतरच्या बंदिवासात अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिली. पंडित नेहरूंनी भारताच्या शोधाविषयीचा आपला ग्रंथ त्याच किल्ल्यात, त्याच काळात लिहिला. लहान वयात पहिले पुस्तक वाचणारे मूल मोठेपणी त्या दोऱ्याने उरलेल्या दोन पुस्तकांपर्यंत जाऊ शकते. एक पुस्तक दुसऱ्याचे दार उघडते, ते फलकावर प्रत्यक्ष दिसते.

पालकांना काही विनंत्या आहेत. पहिल्या भागात दहांहून अधिक चिठ्ठ्या नसाव्यात. लांबलचक यादी पाहून मूल दबून जाते. यादी मुलाची असावी, आपण फार तर एक चिठ्ठी सुचवावी. एखादे पुस्तक आवडले नाही तर ती चिठ्ठी काढू द्यावी, रागावू नये. शेजारच्या मुलाचे तारे मोजून आपल्या मुलाला हिणवू नये. तसे केल्यास मुले पातळ पुस्तके शोधू लागतील. फलकाचा फोटो मोबाईलवर चार ठिकाणी पाठविण्याची घाईही नको. तो घरच्यांसाठी आहे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. मुलाचा फलक बैठकीच्या खोलीत आणि मुलीचा स्वयंपाकघराच्या दारामागे, असे करू नका. दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच उंचीवर असावेत. दहावीनंतर ज्या मुलींचे शिक्षण थांबते, त्यांचे वाचनही बहुधा त्याच दिवशी थांबते. शाळा सुटते तेव्हा शाळेचे ग्रंथालयही सुटते. म्हणून शाळेत असतानाच तिला गावच्या ग्रंथालयाची सभासद करा. फलकावर पुढचे पुस्तक लिहिलेले असेल आणि ते कोठे मिळेल हेही लिहिलेले असेल, तर शाळेचा दाखला हाती पडल्यावरही तिचे वाचन चालू राहील.

१५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस. रामेश्वरमला लहानपणी वर्तमानपत्रे वाटणारा हा मुलगा पुढे राष्ट्रपती झाला. २०१५ पासून महाराष्ट्रात हा दिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. पण त्या दिवसाची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. या रविवारी भिंतीवर हातभर जागा मोकळी करा आणि मुलांना विचारा, “पहिल्या चिठ्ठीवर कोणतं नाव लिहायचं?” उत्तर देण्यास त्यांना वेळ लागला तर लागू द्या. मूल विचार करीत आहे, हीच चांगली सुरुवात समजा.