घड्याळांच्या भेटीला



उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील रहिवाशांना मिनिटाचें मोल सांगण्याची आवश्यकता नाहीं. एका मिनिटानें चुकलेली गाडी सगळा दिवस कसा विसकटून टाकते, हें ते अनुभवानें जाणतात. परंतु जी वेळ आपण इतक्या धास्तीनें पाळतों, ती ठरविली कोणी, हा प्रश्न फलाटावरच्या धांवपळींत सुचत नाहीं. ज्यांना घड्याळांची आवड आहे, त्यांनीं एक रविवार काढून मी सांगतों तीं स्थळें पाहावीं. उत्तर तेथेंच मिळेल.

आरंभ अंबरनाथच्या शिवालयापासून करावा. वालधुनीच्या कांठचें हें शिलाहारकालीन मंदिर. येथील शिलालेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काळ दिलेला आहे. येथें घड्याळ नाहीं, आणि म्हणूनच प्रथम येथें यावें. त्या काळीं तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र पाण्यांत सोडीत. तें भरून बुडलें कीं एक घटिका झाली. अशा साठ घटिका म्हणजे अहोरात्र. अर्थात् एक घटिका चोवीस मिनिटांची. विवाहाच्या मुहूर्तासाठीं मांडलेलें घटिकापात्र अनेकांच्या आजीनें पाहिलेलें असेल.

जवळच्या मोकळ्या जागेंत एक सरळ काठी उभी रोवावी. तिची सावली सर्वांत आंखूड होईल तो खरा मध्यान्ह. त्या क्षणीं मनगटावर पाहिलें, तर बारा केव्हांच वाजून गेलेले असतात; वर्षाच्या सरासरीनें सदतीस मिनिटें अधिक झालेलीं आढळतील. कुलाब्याचा मध्यान्ह याहून सुमारें दीड मिनिट मागाहून होतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणींत जे सिंधी बांधव येऊन राहिले आणि ज्यांच्या वस्तीला १९४९ मध्यें उल्हासनगर हें नांव मिळालें, त्यांच्यापैकीं कराचीहून आलेल्यांचा सूर्य तर तेथें पंचवीस मिनिटें उशीरां माथ्यावर येत असे. प्रत्येक गांवाला स्वतःची वेळ असते, ती अशी.

मग ही वेळ एक कां झाली? त्याचें कारण ज्या लोहमार्गानें आपण मुंबईस जातों, तोच आहे. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणें पहिली गाडी धांवली. पुढच्याच वर्षीं ती कल्याणला पोहोंचली. गांवोगांवच्या निरनिराळ्या वेळा ठेवून वेळापत्रक चालेना. म्हणून रेल्वेनें पुढें मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेहून सुमारें अर्धा तास पुढें होती.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलांत कीं लगबगीनें बाहेर पडूं नका. रस्ता ओलांडून मागें वळा आणि स्टीव्हन्सनें उभारलेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावरचें घड्याळ डोळे भरून पाहा. तेथून पायींच क्रॉफर्ड मार्केटला जावें. १८६९ मधील या मंडईच्या मनोऱ्यावरही घड्याळ आहे. ज्या काळीं खिशांत घड्याळ बाळगणें ही श्रीमंतांची मिरास होती, त्या काळीं भाजीवाल्याला आणि हमालाला वेळ विनामूल्य मिळे ती अशा मनोऱ्यांवरून. कोटांत पेरिन नरिमन रस्त्यावर १८८२ चा, बमनजी होरमसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ उभारलेला घड्याळ-मनोरा आहे. त्याची घडण प्राचीन इराणी धाटणीची आहे.

शेवटीं ओव्हल मैदानावर यावें आणि राजाबाई मनोऱ्यासमोर स्वस्थ बसावें. प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातेच्या नांवें दिलेल्या देणगींतून हा मनोरा १८७८ मध्यें पुरा झाला. उंची सुमारें दोनशें ऐंशी फूट. आज तो शांत दिसतो. परंतु १८८१ मध्यें सरकारनें मुंबईंतील कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली, तेव्हां हाच मनोरा वादाचें केंद्र झाला. घड्याळ्यावर मद्रासची वेळ दाखवीत नसाल, तर रात्रीं तबकडी उजळण्याचा खर्च देणार नाहीं, असें सरकारचें म्हणणें पडलें. नगरानें ऐकलें नाहीं, आणि १८८३ मध्यें सरकारलाच माघार घ्यावी लागली.

पुढें १९०६ च्या आरंभीं ग्रिनिचहून साडेपांच तास पुढची प्रमाणवेळ आली. मुंबईचीं घड्याळें एकदम एकोणचाळीस मिनिटें पुढें सरकणार होतीं. त्या जानेवारींत हजारों गिरणी कामगारांनीं काम नाकारून दगडफेक केली. सूर्य जागचा हलला नव्हता. त्यांची झोंप मात्र कमी होणार होती. नगरपालिकेनें मुंबईची वेळ विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सोडली नाहीं.

शेवटीं प्रमाणवेळच जिंकली, आणि तें योग्यच झालें. एका देशांतील गाड्या अनेक वेळांवर चालणें शक्य नव्हतें. पण त्या एकोणचाळीस मिनिटांची किंमत कोणी दिली, हें विसरूं नये. बदलापुराहून पहांटे निघणारा माणूस ती अद्यापि देत आहे. मनोऱ्याचे ठोके ऐकतांना त्याची आठवण झाली, तर आपला रविवार सत्कारणीं लागला असें समजावें.