कारिटाखालचा राजा

श्रोतेहो, प्राग्ज्योतिषपुरचा नरकासुर हा प्रत्यक्ष भूमीचा पुत्र. पराक्रम अंगी होताच. परंतु तो मदास चढला. अदितीची कुंडले हिरावली, वरुणाचे छत्र नेले, सोळा सहस्र स्त्रिया बंदीत घातल्या. अखेर श्रीकृष्णाने सत्यभामेसह चालून जाऊन त्याचा वध केला. आमच्या पनवेलास नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपाशी डाव्या अंगठ्याने कडू कारिट चिरडतात, तोच हा राजा! गोव्यात तर त्याचे अक्राळविक्राळ पुतळे जाळतात. या गजरात त्याची आई मात्र कोणास आठवत नाही. भागवतात ती कुंडले परत घेऊन स्वतः कृष्णापुढे येते आणि भेदरलेल्या नातवासाठी, भगदत्तासाठी, अभय मागते. कृष्णाने ते दिले. हाच भगदत्त पुढे कुरुक्षेत्री कौरवांच्या बाजूने हत्तीवरून लढला व अर्जुनाच्या बाणाने पडला.