कथेतील कोरी जागा
(रत्नागिरी येथे शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात कथाबीजांना तोटा नाही. मुंबईला गेलेला चाकरमानी, वर्षभर कुलूप असलेले आणि गणपतीला उघडणारे घर, भाऊबंदकीत अडकलेली आंब्याची कलमे, हे सारे आपल्या परिचयाचे आहे. तरीही आपल्यापैकी अनेकांच्या कथा दोन-तीन पानांतच निष्प्राण का होतात, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी शेजारच्या एका वृद्ध बाईंवर मी कथा लिहिली. मुलाची मनीऑर्डर येते आणि आईला अश्रू अनावर होतात, असा तिचा शेवट होता. ती एका दिवाळी अंकात आली. मोठ्या हौसेने मी ती त्या बाईंना वाचून दाखविली. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कुठे रडले रे? मजकुराच्या जागेत त्याने काही लिहिलंय का, एवढंच पोस्टमनला विचारलं होतं." माझी मान खाली गेली. खरी कथा त्या कोऱ्या जागेत होती आणि मी तिथे आसवे ओतली होती.

माणूस आधी नीट पाहावा, कथानक नंतर रचावे, हा धडा याच मातीतील लेखकाने घालून दिला आहे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म १९१३ साली दापोली तालुक्यातील मुर्डी येथे झाला. पुढे मुंबईत 'बेस्ट'मधील नोकरी सांभाळून त्यांनी लेखन केले. १९४१ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे 'खडकावरील हिरवळ' हे व्यक्तिचित्रांचे पुस्तक होते. 'एल्गार' ही कादंबरी १९४९ मध्ये व 'गारंबीचा बापू' १९५२ मध्ये आली. 'तुंबाडचे खोत' १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. नोकरीमुळे लिहिणे होत नाही, ही आपली सबब येथे टिकत नाही. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील करूळचे मधु मंगेश कर्णिक यांनीही एस. टी. व शासकीय सेवेत राहून लेखन केले. 'माहीमची खाडी' या १९६९ च्या कादंबरीत त्यांनी मुंबईतील झोपडवस्तीकडे त्याच डोळसपणे पाहिले.

आता काही व्यवहाराच्या सूचना. कानावर पडलेले वाक्य त्याच दिवशी वहीत टिपावे. पहिला खर्डा महिनाभर बाजूस ठेवावा व नंतर मोठ्याने वाचावा. जेथे जीभ अडखळते, तेथे वाक्य खोटे असण्याचा संभव अधिक. आम्हां कार्यालयीन माणसांना 'सदर' आणि 'उपरोक्त' यांची सवय असते. परंतु कथेतील आई 'सदर मुलास' जेवायला वाढत नाही. भावना नावाने सांगू नये, ती कृतीतून दिसावी. आणि ज्यांच्या आयुष्यावरून लिहितो, त्यांची ओळख झाकावी. गावात प्रत्येक कथेला वाचकाआधी शेजारी असतो.

मी त्या कथेचा शेवट पुढे बदलला. त्यात आता कोणी रडत नाही. एक आई पोस्टमनला एकच प्रश्न विचारते. ती मात्र वाचून दाखविण्यास बाई राहिल्या नव्हत्या. आपण इतका उशीर करू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.