परतीच्या बोटी



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही आपणांस एका जुन्या ऋणाचे स्मरण करून देऊ इच्छितो.

साताऱ्याजवळील अपशिंगे गावी पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या 46 वीरांचे स्मारक आहे. महाराष्ट्रातील अन्य कित्येक गावांतही त्या काळच्या शिळा आढळतात. त्यांवर बहुधा दोनच आकडे असतात : गावातून युद्धावर किती गेले आणि त्यांपैकी किती मरण पावले. या आकड्यांची वजाबाकी केली म्हणजे जे उरतात, ते घरी परतले. कसे परतले, हे शिळा सांगत नाही. ते बोटींनी परतले.

कुट-अल-अमारा येथे 1915 च्या डिसेंबरात वेढ्यात सापडलेल्या फौजेत 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. उपासमारीअंती 29 एप्रिल 1916 रोजी ती फौज शरण गेली. बंदिवानांना वाळवंटातून पायी नेण्यात आले; कित्येक वाटेतच कोसळले. जे तगले, त्यांची सुटका 1918 च्या अखेरीस शस्त्रसंधीनंतरच झाली.

आता आपल्या या नगरीकडे वळू. 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटविल्या. बिलंदर माणसास तमिळ बोलीत 'एम्डन' म्हणतात, ते तेव्हापासून. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील लोकांच्या वर्गणीतून एक इस्पितळ-नौका सिद्ध झाली. मूळची 'टांडा' नावाची ही बोट 'मद्रास' या नावाने बसऱ्याहून जखमी व आजारी शिपायांना मुंबईस आणीत असे. त्यांत आमच्या मुलखाचेही शिपाई असतील, असे मानणे वावगे ठरणार नाही. आपले येथे बिऱ्हाड होण्याच्या कितीतरी आधी या नगरीने आपल्या माणसांच्या परतीचे भाडे भरले होते!

परतणे नेहमीच सुखाचे नव्हते. 1918 च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले पोलीस तापाने आजारी पडले. सैनिकांना आणणाऱ्या बोटींबरोबरच इन्फ्लुएन्झाची साथ आली, असे मानले जाते. त्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. रणातून जिवंत आलेल्या किती जणांना घरची चूल विझलेली दिसली असेल!

येथील समुद्रकिनाऱ्यावरील युद्धस्मारकावरून आपण नेहमी जातो. कधी मुलांना घेऊन तेथे थांबावे, एवढीच विनंती. आणखी एक. ज्यांच्या घरी पणजोबांचा बिल्ला, पलटणीचा दाखला वा एखादे पिवळे पडलेले पत्र असेल, त्यांनी त्याची नक्कल मंडळाच्या दप्तरी द्यावी. शिळेने आकडे जपले. नावे जपणे आपल्या हाती आहे.

आपण सारे घरापासून दूर आहोत. परतीच्या वाटेचे मोल आपल्याहून अधिक कोण जाणील?