आखाजी ते आखाजी



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे त्याने बोनसावर, महागाई भत्त्यावर किंवा फार तर नव्या कायद्यांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. चालकांनी विषयाची मोकळीक दिली, म्हणून आम्ही आमच्या आजीआजोबांच्या संसारावर बोलणार आहोत. साऱ्या संसारावर नव्हे, लग्नानंतरच्या पहिल्या सात वर्षांवर. विषय घरगुती वाटेल. पण आमची शाळा आठवीत सुटली आणि त्यानंतरचे आयुष्य करार वाचण्यात, करार लिहिण्यात आणि मोडलेल्या करारांवरून भांडण्यात गेले. करार कोणी केला आणि तो कोणाला बांधतो, हा प्रश्न आम्ही प्रथम ऐकला तो आजीच्या तोंडून. कायद्याची पुस्तके मागाहून आली.

गाव नरडाणा. आपल्यापैकी पुष्कळांनी ते खिडकीतून पाहिले असेल. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूरकडे निघाले की सोनगीर लागते, मग नरडाणा, आणि पुढे तापी. सुरत-भुसावळ लोहमार्गही गावाशेजारून जातो. आज तिथे औद्योगिक वसाहत आहे. १९३४ साली, म्हणजे आमच्या आजीचे लग्न झाले तेव्हा, तिथे काळी जमीन होती, कपाशी, ज्वारी, बाजरी होती, धाब्याची घरे होती आणि १९२९ नंतरच्या मंदीने कापसाचा भाव बसलेला होता. ज्याच्या घरात कापूस त्याच्या तोंडावर चिंता, आणि ज्याच्या घरात कापूसच नाही त्याच्या तोंडाकडे पाहायला कोणाला सवड नाही, असे ते दिवस.

आजोबांच्या घरात कापूस नव्हता. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत त्यांचे वडील गेले. दहाव्या वर्षी ते गुरे राखू लागले आणि मिसरूड फुटायच्या आत सालदार झाले. शहरातल्या तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतमालकाकडे राहिलेला गडी. खानदेशात हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि पाडव्यालाही नाही. ते सुरू होते अक्षय्य तृतीयेला, आमच्या भाषेत आखाजीला. त्या दिवशी जुने साल फिटते, नवे ठरते. आणि त्याच आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. एकच दिवस, नवऱ्याने मालकाच्या ओट्यावर जाऊन अंगठा द्यायचा आणि बायकोने माहेरच्या निंबाखाली झोका घ्यायचा.

आजोबांचे लग्न मालकाने लावून दिले, असे गावात म्हणत. खरे म्हणजे मालकाने पैसे दिले. मुलीच्या बापाला द्यायचे देज, दोन लुगडी, एक जेवणावळ आणि सोनगीरच्या तांबटाकडची एक घागर, मिळून दीडशे रुपये झाले. सालाचा भाव होता साठ रुपये रोख, दोन वेळची भाकर, एक घोंगडी आणि एक जोडा. साठांतले तीस उचलीपोटी कापायचे, तीस घरी द्यायचे. हिशेबाने पाच वर्षांत फिटायला हवे होते. पण तापात पडले तर खाडे, बैल लंगडला तर खाडे, आईच्या आजारपणात पुन्हा दहाची उचल. पाचाची सात झाली. त्या मालकाचे नाव आम्ही घेत नाही. तो काही गावातला वाईट माणूस नव्हता, उलट बरा समजला जाई, आणि म्हणूनच हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे.

लग्नात आजी चौदा वर्षांची होती, असे घरात सांगत. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ चा, अमलात आला १ एप्रिल १९३० पासून, आणि त्यात मुलीचे वय चौदा ठरवले होते. जन्माची नोंद कुठेच नसलेल्या मुलीचे वय नेमके चौदाच कसे भरले, हे त्या कायद्याला ठाऊक की तिच्या बापाला, देव जाणे!

आता संसार. सालदाराने रात्री मालकाच्या खळ्यात, गुरांजवळ निजायचे. पहाटे वैरण टाकायची, शेण उचलायचे, मग मोट नाहीतर वखर. जेवण मालकाकडचे. म्हणजे पाहा, लग्न झालेला माणूस जेवतो मालकाच्या ओसरीवर, निजतो मालकाच्या खळ्यात, आणि त्याची बायको राहते सासूजवळ धाब्याच्या एका खोलीत. नवरा घरी जेवला तो दिवस आजीच्या लेखी सण. पोळा एक, आखाजी एक, आणि कानबाईचे रोट असतील तो एक. आजोबांना वांग्याचे भरीत आवडत नाही, हे तिला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळले. खानदेशातल्या माणसाला भरीत आवडू नये, यावर तिचा विश्वास बसेना; आपल्या हाताला चव नाही असे समजून ती दोन दिवस रडली. हे ती सांगे तेव्हा आजोबा समोर बसून विडी ओढत असत आणि काही बोलत नसत.

बोलणे तसेही कमीच. सासूदेखत नवऱ्याशी बोलायचे नाही, नाव घ्यायचे नाही. काही सांगायचे झाले तर शेळीला सांगायचे, ‘आज मीठ संपलंय गं’, आणि दारात उभ्या असलेल्याने ते ऐकायचे. आमच्या आजीआजोबांचे पहिल्या दोन वर्षांतले बरेचसे संभाषण एका शेळीच्या मध्यस्थीने झाले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे आम्ही मालक आणि कामगार यांच्या मध्ये बसणारे पुष्कळ अधिकारी पाहिले. त्या शेळीइतका निःपक्षपाती एकही नव्हता.

ही गंमत झाली. आजीचा दिवस मात्र गमतीचा नव्हता. पहाटे जाते. त्या वेळी पिठाची चक्की तिच्या वाट्याला आलेली नव्हती. सासू आणि ती खुंट्याला हात घालून दळत. मग आडावरचे पाणी. आणि उजाडले की मालकाच्या गोठ्यात. गोठा सालदाराने पाहायचा ही बोली, पण सालदार शेतावर गेला म्हणजे गोठा झाडणे, गोवऱ्या थापणे, वाड्यावर कोणी पाहुणे आले तर दळण-कांडण, हे सालदाराच्या बायकोने करायचे, ही रीत. बोली आणि रीत यांतला फरक कामगारांच्या पुढाऱ्याला शिकावा लागतो. बोलीला दाम असतो. रीत फुकट असते. कपाशीच्या वेचणीला ती रोजाने जाई तेव्हा वेचलेल्या कपाशीतला थोडा वाटा तिला मिळे. तो दुकानी देऊन ती तेल-मीठ आणी. तेवढीच तिची स्वतःची मिळकत.

बहिणाबाई चौधरी जळगावशेजारच्या असोद्याच्या. जन्म १८८०, अक्षरओळख नाही. जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, जपली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली, म्हणून खानदेशातल्या बाईच्या मनात काय चालते ते महाराष्ट्राला समजले. आमची आजी कवयित्री नव्हती. तिचे एकच वाक्य आमच्या घरात शिल्लक आहे, आणि ते सांगण्यासाठी आम्ही इथे उभे आहोत.

पहिल्या आखाजीला भाऊ मुराळी आला आणि ती पांझरेकाठच्या माहेरी जाऊन आली. दुसऱ्या आखाजीला वाड्यावर लग्न निघाले. भाऊ बैलगाडी घेऊन दारात उभा, आणि वाड्यावरून निरोप आला की सालदारणीने जायचे नाही, काम आहे. उचल फिटलेली नाही. सासू गप्प, आजोबा गप्प. आजी सोळा वर्षांची. तिने निरोप आणणाऱ्या बाईला आमच्या अहिराणीत सांगितले, ‘आंगठा त्यास्ना शे, मना नही.’ अंगठा त्यांचा आहे, माझा नाही. आणि गाडीत बसली.

श्रोतेहो, याला बंड म्हणू नका. तिने घोषणा दिली नाही, कोणाला संघटित केले नाही, आणि माहेरी जाऊनही ती सारा वेळ धास्तावलेलीच होती, असे तीच सांगे. झोक्यावर बसवले तर पोटात कालवले. परत आली तेव्हा आजोबांच्या नावावर आठ खाडे मांडलेले होते. म्हणजे अंगठा नवऱ्याचा, काम बायकोचे, आणि ती गेली म्हणून दंड पुन्हा नवऱ्याला. आजोबा तिच्यावर संतापले, हात उगारला की नाही ते दोघांनीही आम्हाला कधी सांगितले नाही. महिनाभर शेळीशीसुद्धा कोणी बोलले नाही.

पण पुढच्या आखाजीला नवे साल ठरवताना आजोबा ओट्यावर म्हणाले, गोठ्याचे काम तिचे धरायचे असेल तर तिचे वेगळे धरा. त्यांना हे कोणी शिकवले? त्याच तालुक्यात चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ ला क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला, १९४६ साली अमळनेरात गिरणी कामगारांवर गोळीबार झाला. त्या घटना इतिहासात आहेत आणि असायलाच हव्यात. त्यांच्या आधीचा हा प्रसंग कोणाच्या वहीत नाही. बऱ्याच घासाघिशीनंतर ठरले, महिन्याला आठ शेर ज्वारी, सालदारणीच्या नावाने. मोबदला म्हणून पाहाल तर फार थोडा. रीत होती तिची बोली झाली, इतकेच.

१९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आम्ही पुढे मराठीत, मग कोश घेऊन इंग्रजीत वाचला. त्याच्या व्याख्येत कर्जदाराने स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसाकरवी केलेले श्रम, असे शब्द आहेत. ते वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ बसून राहिलो. चाळीस वर्षे उशिरा का होईना, आजीच्या वाक्याची दखल कायद्याने घेतली होती.

दखल घेतली म्हणून प्रश्न सुटला असे मात्र नाही. धुळे, नंदुरबार, जळगावातून ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशेब कोयत्याचा, आणि मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. बायको तोडलेला ऊस बांधते, डोक्यावर वाहते, पण वहीत ती अर्धा कोयता आहे आणि अर्ध्याला नाव नसते. शहरातल्या श्रोत्यांनी हे दूरचे समजू नये. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, पुरुषाची ९७, असे निघाले. आमच्या युनियनच्या सभेला बायका उशिरा येतात अशी तक्रार पुरुष सभासद करतात, तेव्हा आम्ही त्यांना हे दोन आकडे फळ्यावर लिहून दाखवतो.

सातव्या आखाजीला उचल फिटली. आजोबांनी सालदारी सोडली आणि निमबटाईने थोडी जमीन केली. त्या वर्षी मुराळी आला तेव्हा आजी माहेरी गेली नाही. नवरा रात्री घरी निजणार, सकाळी घरी जेवणार, हे तिला पाहायचे होते. खापरावर पुरणपोळ्या केल्या, आंब्याचा रस केला. आजोबांना घरात झोप येईना. मध्यरात्री उठून ते दोनदा खळ्याकडे निघाले आणि दोन्ही वेळा दारातून परत आले.

मालकाच्या गोठ्याचे काम आजीने मात्र आणखी दोन वर्षे सोडले नाही. गरज होती, हे खरेच. पण तिने आम्हाला दुसरेही कारण सांगितले. महिन्याच्या महिन्याला ज्वारी मोजताना वाड्यावरचा कारभारी माप भरी आणि मोठ्याने नाव घेई. नवऱ्याचे नव्हे, तिचे.